पील कोणतं ठेवायचं

इंग्रजीत ‘रॅटून’ नावाचं एक क्रियापद आहे. कथा-कादंबऱ्यांत ते भेटत नाही, वर्तमानपत्रांतही क्वचितच. इंग्रजी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या दोन-तीन जणांना मी विचारून पाहिलं, त्यांच्याही कानावरून ते गेलेलं नव्हतं. ऊस, केळी, भात, अननस यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांच्या कागदांत मात्र ते घरच्यासारखं वावरतं. पीक कापून नेल्यावर जमिनीत उरलेल्या बुडातून झाडाने पुन्हा फुटून येणं, हा त्याचा एक अर्थ. तसं फुटून आलेलं पीक शेतकऱ्याने राखून वाढवणं, हा दुसरा. फुटायचं काम झाडाचं, राखायचं काम माणसाचं, आणि इंग्रजीत दोन्हीला क्रियापद एकच.

केळीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणायचा होता, तेव्हा ते माझ्यासमोर आलं. अर्थ वाचला आणि पुढचं काम तसंच राहिलं, कारण शब्दकोश दोन ओळींत जे सांगत होता ते मी लहानपणापासून बघत आले होते. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत नजर जाईल तिथवर केळी. आमच्याकडे याला पील ठेवणं म्हणतात आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या बागेला पिलबाग.

केळीचं खोड हे खरं तर खोड नव्हेच. पानांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदातून वर आलेला प्रत्येक खांब आयुष्यात एकदाच निसवतो. कमळ म्हणजे केळफूल बाहेर पडतं, स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, एकेक लालसर साल उचलली जाते आणि तिच्याखाली फणी दिसते. घड कापला की त्या खांबाचं देणं संपलं. त्याला कितीही पाणी द्या, खत द्या, पुन्हा घड येणार नाही. पण तोवर कंदाच्या कुशीतून पिलं वर आलेली असतात. केळीच्या बाबतीत मरणं आणि फुटणं एकापाठोपाठ एक होत नाही, दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. घड पिकत असतो तेव्हा पील गुडघ्याइतकं झालेलं असतं.

माय, म्हणजे मूळचं झाड, निसवेपर्यंत पिलं ठेवत नाहीत. दर पंधरवड्याला बागेत फिरायचं आणि जमिनीलगत ती कापत जायचं. ठेवली तर मायच्या वाट्याचं खातात आणि घड बारीक पडतो. निसवण झाली की मग मात्र प्रत्येक झाडाला एक पील राखायचं. आणि इथे खरी परीक्षा असते, कारण जे पील डोळ्यांत भरतं ते बहुधा कामाचं नसतं. रुंद, मोठ्या पानांचं पील लहानपणीच झाडासारखं दिसतं, पण त्याचा कंदाशी सांधा कच्चा असतो आणि बुड बारीक असतं. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं, बुडाशी जाड आणि वर निमुळतं असलेलं पील घ्यायचं. ते अजून स्वतःच्या पानांवर जगत नसतं. कंदातून ओढून घेत असतं, म्हणून त्याला रुंद पानांची घाई नसते. आबांनी मला हे शिकवलं तेव्हा मी शाळेत होते आणि रुंद पानांचं पील कापताना माझा हात अडखळायचा. आबा म्हणायचे, “पानं नको पाहू, बूड पाहा.”

दुसरी गोष्ट दिशेची. सगळ्या झाडांचं पील एकाच बाजूचं ठेवतात. या झाडाचं पूर्वेचं आणि त्या झाडाचं पश्चिमेचं ठेवलं तर वर्षभरात ओळी मोडतात, ठिबकच्या नळ्या एका जागी आणि झाडं दुसऱ्या जागी, चालायला वाट राहत नाही. एका बाजूचं ठेवलं तर सगळी ओळच एक पाऊल सरकते. पुढच्या पिलाला आणखी एक पाऊल. केळीची बाग अशी चालत असते. ती वरही चढते. नवं पील जुन्या कंदाच्या किंचित वरच्या अंगाने फुटतं, दोन-तीन पिढ्यांत कंद मातीबाहेर डोकावू लागतो आणि मुळांची पकड सुटते. मग मे-जूनच्या वादळात आधी पिलबाग आडवी होते. म्हणून पिलबागेला मातीची भर लागते, नव्या लागवडीपेक्षा जास्त.

घड कापल्यावर मायचा खांब लगेच बुडातून तोडत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त जवळचं वाटतं. वरची पानं उतरवतात, खांब अर्ध्यावर कापतात आणि महिना-दीड महिना तसाच उभा ठेवतात. त्या खांबात पाणी आणि अन्नद्रव्यं असतात. ती हळूहळू कंदात उतरतात आणि कंदातून पिलाकडे जातात. घाईने साफसफाई करणाऱ्याचं शेत चकचकीत दिसतं खरं, पण पिलाचा हक्काचा वाटा बांधावर फेकला जातो.

बाजारात या सगळ्याची वेगळी नोंद असते. रावेर-सावद्याकडे केळीचे भाव निघतात तेव्हा नवतीचा भाव वेगळा, कांदेबागेचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, वापसीचा वेगळा. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल. जून-जुलैत लावलेली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग. आणि वापसी म्हणजे निवडीत मागे पडलेला माल. पिलबागेचा भाव बहुतेक वेळा नवतीच्या थोडा खाली असतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी जाणारा माल पेट्यांत भरताना फण्या एकसारख्या लागतात, आणि पिलबागेत झाडं पुढे-मागे निसवत असल्यामुळे तसा माल एकदम मिळवणं कठीण. पण खर्चाची बाजू बघितली तर पिलबाग किती तरी हलकी. रोपांचा पैसा वाचतो, नांगरटीचा वाचतो, आणि पील जमिनीत आधीच रुजलेलं असल्यामुळे वेळही वाचतो. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांची ग्रँड नैन ही जात आली आणि लागवडीनंतर बारा महिन्यांच्या आत-बाहेर घड कापायला येऊ लागला, तेव्हापासून नवती आणि तिच्यामागून दोन पिलबागा मिळून अडीच वर्षांच्या आसपास तीन पिकं घेणारे शेतकरी आमच्या भागात आहेत. पूर्वीच्या बसराई जातीच्या काळात एवढ्या अवधीत हे कोणी धरलंही नसतं.

रॅटून हा शब्द मुळात केळीचा नाही, उसाचा. स्पॅनिशमध्ये ‘रेतोन्यो’ म्हणजे कोंब, आणि त्याचं मूळ ‘ओतोन्यो’ या शब्दात, म्हणजे शरद ऋतूत. उन्हाळ्यात करपलेलं गवत शरदाच्या पावसाने पुन्हा फुटतं, त्या फुटण्यावरून तो आला. इंग्रजीत तो शिरला कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांतून, आणि तिथला इतिहास वाचल्यावर हा शब्द हलकेपणाने वापरता येत नाही. त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. नव्या लागवडीसाठी कडक जमिनीत कुदळीने चौकोनी खड्डे खणायचे, हे त्यांच्या कामांतलं सगळ्यात जीवघेणं काम. जुन्याच बुडख्यातून ऊस फुटू दिला तर ते खड्डे खणावे लागत नसत. मळेवाल्यांच्या हिशेबात त्याचा अर्थ वाचलेली मजुरी आणि घटलेली साखर, एवढाच. खणणाऱ्याच्या पाठीला त्याचा अर्थ काय असेल, ते कोणत्याही शब्दकोशात आलेलं नाही.

उसाच्या पुन्हा फुटण्याला मराठीत खोडवा म्हणतात, आणि खोडव्याच्या मागून ठेवलेल्या पिकाला निडवा. आमच्या रावेरकडे ऊस कमी. शहाद्याकडे, चोपड्याकडे गेलं की तो दिसतो. माझ्या मामांचं शेत शहाद्याच्या बाजूला आहे, खोडवा मी तिथे बघितला. ऊस तुटून गेला की मामा दुसऱ्या दिवशीपासून बुडखे छाटायला लावायचे, अगदी जमिनीलगत. मला ते निर्दय वाटायचं. आधीच तोडलेल्याला आणखी का तोडायचं? कारण असं की बुडखा वर राहिला तर जमिनीवरच्या डोळ्यांतून कोंब फुटतो. तो दिसतो लवकर, पण त्याला स्वतःची मुळं नीट धरता येत नाहीत. जमिनीखालच्या डोळ्यातून येणारा कोंब उशिरा दिसतो आणि टिकतो. मग बगला फोडायच्या, म्हणजे सरीच्या दोन्ही अंगांनी जुनी मुळं तोडायची, नांग्या भरायच्या, म्हणजे जिथे कोंब फुटला नाही तिथे नवं रोप लावायचं, आणि पाचट जाळायचं नाही, तिथेच कुजू द्यायचं. जुनी मुळं थोडेच आठवडे कोंबाला पाजतात. तेवढ्या काळात कोंबाने आपली मुळं खाली सोडायची, आणि मग जुनी मरून जातात. बाहेरून पाहणाऱ्याला खोडवा म्हणजे तोच ऊस पुन्हा उगवला असं वाटतं. आत मात्र मुळांची अख्खी पिढी बदललेली असते.

मला या क्रियापदाबद्दल इतकं ममत्व का वाटतं, ते इथे सांगायला हवं. नव्याने सुरू होण्याबद्दल आपण जे बोलतो त्यात बहुतेक वेळा पाटी पुसण्याची भाषा असते. झालं गेलं विसरा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. पुनरुज्जीवन, नवनिर्माण हे शब्द व्यासपीठावरून येतात आणि त्यांत जमिनीखालचं काही नसतं. पुन्हा फुटणाऱ्या पिकाकडे पाटी पुसलेली नसतेच. ते जुन्यावरच उभं असतं, आणि जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय तोडायचं यावर त्याचं बरंवाईट ठरतं. बियाण्यापासून सुरू करणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्यातल्या बहुतेकांना बियाण्यापासून सुरू करण्याची संधी कधी मिळतच नाही.

त्या जुन्यात रोगही असतो. उसाच्या एका रोगाला तर इंग्रजीत ‘रॅटून’ याच शब्दाचं नाव दिलं आहे, खोडव्यात पीक खुजं होतं म्हणून. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. एका जिवाणूमुळे होतो, बेण्यातून आणि कोयत्याच्या पात्यावरून उसाच्या एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो, आणि वरून जवळजवळ काहीच दिसत नाही. ऊस नुसता कमी वाढतो, आणि शेतकरी पाण्याला, खताला किंवा स्वतःला दोष देत बसतो.

कापसाचं तर याहून वाईट. खानदेशात कापूस हे घराघरातलं पीक. डिसेंबरच्या आत-बाहेर शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटायची, हा रिवाज. पण हाताशी पाणी असलं की माणसाचा जीव होत नाही. एक पाणी द्यायचं, थोडं खत द्यायचं, पऱ्हाटी पुन्हा पालवते, पाते म्हणजे कळ्या लागतात, कैऱ्या म्हणजे कच्ची बोंडं धरतात. याला फरदड घेणं म्हणतात. कापूस मुळात अनेक वर्षं जगणारंच झाड आहे. ज्याच्या अंगणात देवकापूस आहे त्याला ते सांगावं लागणार नाही, वातींसाठी तो वर्षानुवर्षं बोंडं देत राहतो. तेव्हा फरदड ही पऱ्हाटीच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट नव्हे. अडचण गुलाबी बोंडअळीची आहे. ही अळी जवळपास कापसावरच जगते. शेतात काही महिने कापूस नसला तर तिची साखळी तुटते. फरदडीने तिला उन्हाळ्यापर्यंतचं घर मिळतं. शिवाय बीटी कापसातली अळीला मारणारी प्रथिनं झाडाच्या उतारवयात कमी होत जातात, म्हणजे फरदडीच्या कैऱ्यांत अळीला जगायलाही सोपं आणि त्या प्रथिनांना पचवायला शिकणंही सोपं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडअळीने केलेली नासाडी ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत. कृषी विभाग दर हिवाळ्यात सांगतो, फरदड घेऊ नका. ज्याच्यावर देणं आहे त्याला दोन-चार क्विंटलचा मोह सोडणं किती जड जातं हे मला माहीत आहे, तरीही ते सांगणं बरोबर आहे असंच मी म्हणेन. एकाच्या फरदडीतली अळी शेजारच्याच्या पुढच्या वर्षाच्या कापसात उतरते.

ज्वारीचंही एक आहे. कापलेल्या ज्वारीच्या बुडातून कोवळे, हिरवेगार फुटवे येतात. दुष्काळात सगळं रान वाळलेलं असताना तेवढेच हिरवे असतात आणि गुरं तिकडे धावतात. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होतं, आणि चांगलं धडधाकट जनावर थोड्या वेळात गतप्राण होतं. मोठ्या झालेल्या ज्वारीत हा धोका उतरतो. गुराख्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

लेखाचं मराठी करताना मी एक गोष्ट मोजमाप न करता सहज लिहून काढली. आपण पील ठेवतो, खोडवा राखतो, पण फरदड घेतो. ठेवण्यात आणि राखण्यात सांभाळ आहे, घेण्यात ओरबाडणं आहे. इंग्रजीच्या एका क्रियापदाखाली जे सगळं सारखं दिसतं, त्यात आपल्या शेतकऱ्यांनी बोलता बोलता फरक केलेला आहे. म्हणून लेखात मी ‘रॅटून’ला एकच प्रतिशब्द दिला नाही. जिथे जे पीक, तिथे त्याचं क्रियापद.

आणि एक नूतनीकरण शेतातलं नाही, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीच्या दप्तरातलं आहे. त्याला सगळा महाराष्ट्र नवं-जुनं करणं म्हणतो. मार्चअखेर पीककर्ज भरायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं. वेळेत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, खातं थकीत होत नाही. भरायला पैसे नसतात म्हणून काही दिवसांसाठी कोणाकडून तरी चढ्या व्याजाने घ्यायचे, भरायचे, नवं कर्ज हातात आलं की त्याचे परत करायचे. कागदावर जुनं कर्ज संपलं आणि नवं सुरू झालं. प्रत्यक्षात तेच कर्ज बुडातून फुटून वर आलं, या खेपेला थोडं जाड होऊन. आमच्या गल्लीत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बायकांचे चेहरे बघूनच कळायचं कोणाच्या घरात नवं-जुनं चाललंय. पाटल्या मोडल्या जायच्या, त्या परत यायच्याच असं नाही. या फुटण्याला कोणी बगला फोडत नाही, बुडखे छाटत नाही. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल इतकं बोललं जातं, पण हे चक्र कुठे तोडायचं याबद्दल पऱ्हाटी उपटण्याइतकी ठोस सूचना मी अजून ऐकलेली नाही.

चीनमध्ये युनान प्रांतातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका बहुवर्षायू रानटी भाताशी संकर करून एक भात तयार केला. एकदा लावला की चार वर्षांत आठ वेळा कापता येतो, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. लावणी नाही, चिखलणी नाही, कंबर मोडून वाकणं नाही. हे वाचून मला खूप बरं वाटलं. लावणीचं काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच पाठीवर असतं. तिथेही पाचव्या वर्षी उत्पन्न उतरतं आणि पुन्हा लागवड करावी लागते, म्हणजे केव्हा संपवायचं हे ठरवणं त्या भातालाही चुकलेलं नाही.

ते ठरवणं आमच्या घरी सध्या चालू आहे. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूचा रोग आला होता. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा म्हणजे मधलं न उलगडलेलं पान सडतं, झाड निसवतच नाही. मावा तो पसरवतो, आणि रोगट झाडाच्या पिलातून तो पुढच्या पिढीत जातो. औषधाने बरा होत नाही. झाड कंदासकट उपटून गाडायचं, एवढंच हातात असतं. त्या वर्षी लोकांनी शेतंच्या शेतं उपटली. यंदाच्या पावसात आमच्या वरच्या शेतात तेच पट्टे दिसले. सगळ्या झाडांवर नाही, मध्येमध्ये. आबांचं म्हणणं, दिसतील तेवढी काढू, बाकीच्यांची पिलं ठेवू, उभी बाग कशाला मोडायची. दादाचं म्हणणं, जे निरोगी दिसतंय ते निरोगी असेलच असं नाही, पील ठेवलं तर रोगच ठेवला.

दोघांचं ऐकून मी दादाच्या बाजूने बोलले. आबांना ते लागलं, पण त्यांनी मान्य केलं. ती बाग त्यांनी उभी केलेली आहे आणि आजवर त्यांनी राखलेलं पील कधी फसलेलं नाही. तेव्हा त्यांच्या तोंडून “काढा” हा शब्द निघायला दोन दिवस लागले, त्यात नवल नाही.

वरचं शेत या महिन्यात कंदांसकट रिकामं होईल. कडेची काकडी आणि भोपळ्याचे वेलही जातील, कारण मावा आणि रोग दोघांनाही ते चालतात. रब्बीला तिथे गहू, आणि केळी पुढच्या मृगाला, नव्या रोपांची. दादाने रोपांची नोंदणी केली आहे. खालच्या शेतात पट्टे नाहीत, निसवण छान झाली आहे, तिथे पिलबाग धरायची. पील पूर्वेचं ठेवायचं असं आबांनी सांगून ठेवलंय, आणि रविवारी विळा घेऊन त्यांच्या मागोमाग ओळी धरायला मी जाणार आहे.